चिंच लावू नका, आधी तळ वाचा: डब्यातले धातूचे अंतराळसैनिक कसे ओळखायचे

नाशिकच्या इंदिरानगरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "माझे मामा १९८०च्या दशकात इंग्लंडमध्ये नोकरीला होते. त्यांच्या माळ्यावर बिस्किटाचा पत्र्याचा डबा सापडला. आत साठेक धातूचे छोटे पुतळे आहेत. हेल्मेट घातलेले सैनिक, यंत्रमानव, एकदोन विचित्र प्राणी. काही रंगवलेले, काही कोरे, चारपाचांवर पांढरी भुकटी आलीय. हे काय आहे, किती जुनं आहे, स्वच्छ कसं करू आणि विकले तर काही येतील का?" सोबत सहा फोटो आहेत.

ताई, पहिली विनंती ही की त्या डब्याला चिंच, लिंबू, व्हिनेगर, पितांबरी यातलं काहीही लावू नका. घरात तांब्यापितळेची भांडी घासायला काढली असतील तर डबा उचलून त्यांच्यापासून लांब ठेवा. माझ्या पहिल्यावहिल्या संग्रहातले चार पुतळे आमच्या आईनं दिवाळीआधी देवाच्या उपकरणांबरोबर चिंचेच्या कोळात बुडवले आणि वर नारळाच्या शेंडीनं घासले. "काळे पडले होते रे, म्हटलं होतील लख्ख." लख्ख कुठले, अंगभर करडे चट्टे पडले आणि एकाचं नाक गेलं. पितळेवरची घाण आंबटानं सुटते. शिशाला आंबट लागलं की त्याचे क्षार होतात, आणि ते क्षार विषारी असतात. त्या दिवशी मी आईला तीनदा साबणानं हात धुवायला लावले. त्याचा राग तिच्या मनात अजून आहे.

आता हे काय आहे ते. टेबलावर फासे आणि मोजपट्टी घेऊन लढाई खेळायचे खेळ असतात, त्यातले हे सैनिक. आम्ही संग्राहक त्यांना मिनी म्हणतो. तुमच्याकडचे विज्ञानकथेतल्या लढायांचे आहेत. अमेरिकेत १९७४ साली 'स्टारगार्ड' नावाचे नियम आणि त्यांच्या जोडीला मॅकइवानचे पुतळे आले, तिथून या प्रकाराची सुरुवात धरतात. पण इंग्लंडातून आलेल्या डब्यात बहुतेक माल सिटाडेल या तिथल्या कंपनीचा निघतो, आणि तुमच्या फोटोंतही तेच दिसतंय.

मी सातपूरच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं डाय आणि मोल्ड बनवले. त्यामुळे एखादा पुतळा हातात आला की तो कोण आहे याआधी तो ओतला कसा असेल हे डोक्यात येतं. ओळख पटवायला याच सवयीचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला, म्हणून ती पद्धत आधी सांगतो.

शिल्पकार इपॉक्सी पुट्टीत मूळ पुतळा घडवतो. तो रबराच्या दोन चकत्यांमध्ये दाबून गरम केला की रबर पक्कं होतं आणि साचा तयार होतो. या दाबात मूळ पुतळ्याची बऱ्याचदा वाट लागते. या पहिल्या साच्यातून मोजके 'मास्टर' ओततात, मास्टर वापरून पुन्हा रबराचे साचे करतात आणि मग उत्पादन सुरू होतं. साचा गरगर फिरवत मधल्या भोकातून वितळलेला धातू ओततात, तो वेगानं कडेच्या पोकळ्यांत घुसतो. म्हणून प्रत्येक पुतळ्याच्या बाजूनं पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ, जाते, हवा निघायच्या वाटांचे बारीक केस बंदुकीच्या टोकाला, शिंगांना लटकलेले असतात, आणि तळाशी धातू आत आला त्या गेटची खूण राहते. रबर झिजत जातं. साचा नवा असतानाचा पुतळा धारदार निघतो, साचा म्हातारा झाल्यावरचा गुळगुळीत. डोळ्यांच्या खाचा भरलेल्या आणि बाजूची रेघ जाड दिसली तर तो साच्याच्या शेवटच्या दिवसांतला माल समजा.

हे लक्षात ठेवून आता तुमचा तिसरा फोटो बघू. चोचीसारखं पुढे आलेलं हेल्मेट घातलेला सैनिक. त्याच्या पायांखाली धातूची उभी चपटी पट्टी आहे, तिला टॅब म्हणतात. ही टॅब प्लॅस्टिकच्या बैठकीच्या खाचेत बसवायची. सिटाडेलनं १९८४-८५च्या सुमारास ही पद्धत आणली. त्याआधी पुतळा आणि पायाखालची चकती एकाच ओतीवात येत असे. म्हणजे बैठक धातूचीच आणि पुतळ्याला जन्मजात चिकटलेली असेल तर माल बहुधा त्याआधीचा, आणि टॅब असेल तर त्यानंतरचा. कितीही रंग फासलेला असला तरी ही पहिली चाळणी उघड्या डोळ्यांनी होते.

टॅबवर उठावाची अक्षरं असतात. एका बाजूला सैनिकाचं नाव किंवा प्रकार, दुसरीकडे कंपनीचं नाव आणि साल. तुमच्या फोटोत टॅब काळी पडलीय आणि अर्धी अक्षरं रंगाखाली आहेत. खरवडू नका. दाताच्या मऊ ब्रशनं कोरडीच पुसा, मग टॉर्च बाजूनं, टॅबला जवळजवळ टेकवून धरा. तिरप्या प्रकाशात अक्षरांच्या सावल्या पडतात. सराफाचं दहापट भिंग असेल तर उत्तमच, नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढा आणि मोठा करून वाचा. मी तुमचा फोटो असा मोठा करून पाहिला, शेवटचा आकडा ७ वाटतो. १९८७ असेल तर ते जमून येतं, कारण त्याच साली रिक प्रीस्टली यांचं 'वॉरहॅमर ४०,०००: रोग ट्रेडर' हे नियमांचं पुस्तक आलं आणि अशा चोचवाल्या सैनिकांचा सुळसुळाट झाला.

पण इथेच बहुतेक नवखे फसतात. टॅबवरचं साल हे पुतळा घडवल्याचं, फार तर हक्काचं साल आहे. ओतल्याचं नाही. १९८७चा मास्टर पुढे वर्षानुवर्षं नव्या साच्यांत जात राहतो आणि दरवेळी तेच साल छापून बाहेर येतो. आपल्या रोजच्या नाण्यावरचं साल टांकसाळीचं असतं, म्हणून आपण टॅबवरचं सालही तसंच वाचतो. ही सवय मोडायला मी नवीन मुलांना त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीच्या नाणेसंग्रहालयात घेऊन जातो. १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. सगळी क्षत्रप राजा नहपानाची, पण त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा वरून मारलेला. एकाच नाण्यावर दोन राजवटी. खालचा ठसा कुठला, वरचा कुठला, हे सुटं करता आलं तर नाणं वाचता येतं. मिनीचंही तसंच. शिल्प एका काळचं, टॅब दुसऱ्या काळची आणि धातू तिसऱ्याच काळचा असू शकतो. जुन्या चकतीवाल्या पुतळ्यांची चकती काढून, खाली टॅब जोडून ते पुन्हा विकले गेलेत. सुरुवातीच्या काळात सिटाडेल इंग्लंडमध्ये अमेरिकेच्या राल पार्था या कंपनीचे पुतळे परवान्यानं ओतत होती आणि राल पार्था अमेरिकेत सिटाडेलचे. त्यामुळे "हे शिल्प अमेरिकन दिसतं, म्हणजे अमेरिकेत ओतलेलं" असा हिशेब चालत नाही.

कंपन्यांबद्दल भराभर सांगतो, बाकीचं तुम्ही जुन्या कॅटलॉगांतून शोधालच. 'वॉरहॅमर'वाली गेम्स वर्कशॉप १९७५ची. ब्रायन अँसेल यांना सोबत घेऊन त्यांनी नॉटिंगहॅमजवळच्या नेवार्क गावात सिटाडेल उभी केली, हे १९७८-७९चं. अँसेल यांनी त्याआधी अ‍ॅसगार्ड ही पुतळ्यांची कंपनी काढली होती. पुढे १९८० साली त्यांनीच 'लेझरबर्न' हे १५ मिलिमीटरच्या विज्ञानकथा सैनिकांचे नियम लिहिले. राल पार्था १९७५ची, ओहायोतल्या सिनसिनाटीची. टॉम मायर यांचे नाजूक हातापायांचे पुतळे पाहिलेत की तो हात पुन्हा चुकत नाही. सिटाडेलमध्ये बॉब नेस्मिथ, जेस गुडविन, केव्ह अ‍ॅडम्स आणि पेरी जुळे भाऊ ही मंडळी होती. केव्ह अ‍ॅडम्सचे ऑर्क नावाचे हिरवे राक्षस हसतात तसं दुसऱ्या कुणाचे हसत नाहीत. शिल्पकाराचा हात ओळखणं हे आवाजावरून गवई ओळखण्यासारखं आहे. शंभर ऐकले की एकशे एकावा कळतो.

दुसऱ्या फोटोतला बुटका, दाढीवाला, हेल्मेटवाला गडी स्क्वॅट असावा. १९८०च्या दशकाच्या शेवटी हे अंतराळातले बुटके आले, नव्वदच्या दशकात कंपनीनं त्यांना खेळातून गुपचूप नाहीसं केलं, आणि त्यांचा वंश थेट २०२२ साली वेगळ्या नावानं परतला. मधल्या वनवासामुळे जुन्या धातूच्या स्क्वॅटांवर लोकांचा फार जीव आहे.

चौथ्या फोटोतले अगदी छोटे सैनिक मोजा. व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकपट्टी, असेल तर पायाच्या तळव्यापासून डोळ्यापर्यंत मोजा, डोक्यापर्यंत नको. टोप, शिरस्त्राण, केस यांनी माप फसतं. १५ मिलिमीटरच्या आसपास भरलं तर ते 'ट्रॅव्हलर' किंवा 'लेझरबर्न' या खेळांच्या कुळातले असतील. 'ट्रॅव्हलर'साठी मार्शियन मेटल्स, सिटाडेल आणि ग्रेनेडियर अशा तिघांनी १५ मिलिमीटरचे पुतळे काढले होते. २५ मिलिमीटर हे जुनं मोठं माप. पुढे पुतळे हळूहळू सुजत २८ आणि त्याहून मोठे झाले. त्यामुळे दोन सैनिक शेजारी उभे केले आणि एक दुसऱ्याचा धाकटा भाऊ वाटला तर धाकटा दिसणारा वयानं मोठा असण्याची शक्यता जास्त.

पाचव्या फोटोतला षटकोनी बैठकीवरचा यंत्रमानव या कुळातलाच नाही. तो 'बॅटलटेक'चा, राल पार्थानं ओतलेला. १९८४ साली हा खेळ 'बॅटलड्रॉइड्स' नावानं आला आणि पुढच्या वर्षी त्याचं नाव बदललं. त्यातल्या काही यंत्रमानवांची चित्रं जपानी कार्टून मालिकांतून घेतलेली होती, त्यावरून कज्जेदलाली झाली आणि नव्वदच्या दशकात ती रूपं मागे घ्यावी लागली. गंमत म्हणजे त्यातल्याच एकाचं नाव 'वॉरहॅमर', त्यामुळे शोधताना नेहमी घोळ होतो. बैठकीच्या खालच्या बाजूचाही फोटो पाठवा, नाव आणि साल तिथेच असतं.

आता धातू. मला यातच जास्त रस आहे, तेव्हा थोडं सांभाळून घ्या. जुने मिनी म्हणजे कथील आणि शिशाचं मिश्रण, जोडीला थोडं अँटिमनी. कथील म्हणजे कल्हईवाल्याचं कथील, तेच. १९९३च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात शिशाविरुद्ध कायद्याच्या हालचाली झाल्या आणि धंद्यात एकच घबराट पसरली. राल पार्थानं त्याच साली 'रॅलिडियम' नावाचं बिनशिशाचं मिश्रण आणलं, इतरांनीही वाट बदलली. म्हणून धातूत शिसं आहे की नाही हे कळलं तर ओतल्याच्या काळाचा अंदाज येतो, टॅबवर काहीही लिहिलेलं असो.

सोपी चाचणी म्हणजे पुतळ्याच्या तळाची कड पांढऱ्या कागदावर ओढून बघणे. शिसं जास्त असेल तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उठते. बिनशिशाचा धातू फिकट रेघ देतो किंवा देतच नाही. तो कडकही असतो आणि जास्त पांढरा चमकतो.

पक्की चाचणी घनतेची. शंभरावा भाग ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवा, सराफ बाजाराच्या आसपासच्या दुकानांत सहज मिळतो. आधी पुतळ्याचं वजन घ्या. मग पाण्यानं अर्धा भरलेला प्लॅस्टिकचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा. पुतळा शिलाईच्या दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला आणि कडांना टेकणार नाही असा लोंबकळत धरा. काट्यावर येणारा आकडा म्हणजे पुतळ्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. त्यानं पहिल्या वजनाला भागा. माझ्याकडच्या एका चोचवाल्याचं वजन १६.४० ग्रॅम, पाण्यात आकडा १.८०, म्हणजे घनता ९.१. दुसरा हुबेहूब तोच पुतळा, टॅबवर तेच साल, १४.७० आणि २.०१, म्हणजे ७.३. कथलाची घनता ७.३, शिशाची ११.३. पहिल्यात निम्म्याच्या आसपास शिसं आहे, दुसऱ्यात नावालाही नाही. दोघे जुळे दिसतात, पण दुसरा कितीतरी नंतर ओतलेला. पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर काखेत बुडबुडे अडकून हिशेब बिघडतो. प्लॅस्टिकची बैठक आणि जाड रंग असेल तर उत्तर खाली येतं, तेही ध्यानात ठेवा.

एकदा हट्टानं मी तो पहिला पुतळा ओळखीच्या टंच काढणाऱ्याकडे नेला. मंगळसूत्र आणि पाटल्या घेऊन बसलेल्या बायकांमध्ये माझा चार सेंटिमीटरचा सैनिक. त्यानं यंत्रात ठेवला, पडद्यावर कथील आणि शिसं आलं, आणि तो म्हणाला, "काका, यात सोनं नाही." मी म्हटलं, मला ठाऊक आहे.

नकली मालाचं आता. नकली म्हणजे कुणीतरी विकत घेतलेल्या पुतळ्यावरूनच साचा करून पुन्हा ओतलेला. धातू थंड होताना आकसतो, रबरही आकसतं, म्हणून नकली पुतळा अस्सलापेक्षा साधारण शेकडा एक-दोननं लहान निघतो. डोळ्याला कळत नाही, व्हर्नियरला कळतं. टॅबची लांबी सगळ्यात चांगली, कारण ती सरळ असते. अक्षरांच्या कडा गोलावतात, आणि मूळ पुतळ्यावर पडलेला ओरखडाही नकलीत इमानदारीनं उमटतो. मी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून कस्टम ड्युटी भरून आठ जणांची तुकडी मागवली होती. आठांपैकी पाचांच्या डाव्या गुडघ्यावर एकाच जागी एकच खळगा. सैनिक एकाच गोळीनं जखमी झाले असं समजून मी ते अजून ठेवलेत, वेगळ्या डबीत, वर 'नकली' लिहून. पुढे माझ्या माघारी कुणी फसू नये.

आणि नकली वेगळं, अधिकृत पुनरुत्पादन वेगळं. राल पार्था बंद पडल्यावर तिथल्याच माणसांनी २००१ साली आयर्न विंड मेटल्स काढली, ते आजही 'बॅटलटेक'चे पुतळे धातूत ओततात. 'लेझरबर्न'चे सैनिक तर अजून नवे कोरे विकत मिळतात. त्यात लबाडी काहीच नाही, फक्त ते १९८०चे म्हणून विकले की लबाडी होते.

आता तुमची पांढरी भुकटी. सहाव्या फोटोत पायांच्या आतल्या बाजूला पिठासारखा थर दिसतोय, ती शिशाची कीड. शिसं हवेतल्या आम्लाच्या वाफांनी खंगतं आणि त्याचं कार्बोनेट होतं. या वाफा लाकडातून, प्लायवूड-एमडीएफच्या गोंदातून, पुठ्ठ्यातून येतात. बंद डबा, आत जुना पुठ्ठा आणि वर नाशिकचे पावसाळ्याचे चार महिने, म्हणजे आयतंच. भुकटी आलेले पुतळे आजच वेगळे करा. हातमोजे घाला, फुंकर मारू नका, कोरडं झाडू नका. वाटीभर डिस्टिल्ड पाण्यात मऊ ब्रशनं धुवा, पंख्याखाली पूर्ण वाळवा, मग पारदर्शक वार्निशचा पातळ हात द्या. तो ब्रश आणि ती वाटी परत स्वयंपाकघरात जाता कामा नये. घरात लहान मूल असेल तर डबा त्याच्या हाताला लागू देऊ नका, हे वेगळं सांगायला नको. नंतर सगळे पुतळे घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. सागवानी कपाट दिसायला छान असतं, पण शिशाला ते मानवत नाही.

काही जण विचारतात, थंडीत कथलाला रोग होतो म्हणतात, तो आपल्याकडे होईल का? शुद्ध कथील १३ अंशांखाली हळूहळू भुगा व्हायला लागू शकतं हे खरं, आणि निफाडचा पारा त्याच्या बराच खाली जातो हेही खरं. पण शिसं, अँटिमनी मिसळलेलं असलं की तो रोग जवळजवळ होतच नाही. निफाडचे लोक द्राक्षांची काळजी करोत, मिनींची नको.

रंग काढायचाच असेल तर ओळख पक्की झाल्यावर. ऐंशीच्या दशकातल्या रंगकामालाही आता किंमत आहे, आणि मामांनी स्वतः रंगवले असतील तर माझ्या मते हात लावूच नये. तरी काढायचा झालाच तर इंग्लंडमधले जुने खेळाडू जी युक्ती वापरतात ती आपल्या मोरीतच आहे: डेटॉल. पाणी न घालता, काचेच्या बरणीत पुतळा बुडवून एक दिवस ठेवा. बाहेर काढून डेटॉलमध्येच ब्रश बुडवत घासा. मध्येच पाणी लागलं की सुटलेल्या रंगाचा चिकट गोळा होतो आणि तो कशालाही दाद देत नाही, म्हणून पाणी अगदी शेवटी. सगळं घर दवाखान्यासारखं दरवळेल, खिडक्या उघड्या ठेवा. अ‍ॅसिटोनही चालतं, पण फक्त धातूला. पाठीवरचा पॅक किंवा बैठक प्लॅस्टिकची असेल तर ती विरघळून जाईल.

विक्रीचं विचारलंत. आकडा मी सांगत नाही, कारण एकाच पुतळ्याचे भाव टॅब शाबूत आहे की कापलेली, हात-शस्त्रं पूर्ण आहेत की नाही आणि मूळ डबा किंवा पाकिटाचा कागद आहे की नाही यावर कित्येक पटींनी फिरतात. डबा पुन्हा एकदा तळापर्यंत चाळा. तुटकी तलवार, सुटी बैठक, छापील कागदाचा कपटा, काही फेकू नका. मामांकडे 'व्हाइट ड्वार्फ' मासिकाचे जुने अंक किंवा १९८३चं सिटाडेलचं 'कॉम्पेंडियम' पडलेलं असेल तर तेही घेऊन या. त्यातल्या जाहिरातींतली हातानं काढलेली चित्रं आणि क्रमांक जुळवणं हाच ओळखीचा शेवटचा पुरावा असतो. आणि भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. अंबड लिंक रोडला एकदा मी वजनकाट्यावरून, शिशाच्या तुकड्यांच्या ढिगातून एक पूर्ण टॅबवाला सैनिक उचलला होता. त्याचे शेजारी आधीच वितळून गेलेले.

माझ्याकडे रविवारी सकाळी दहानंतर वेळ असतो. काटा, व्हर्नियर आणि भिंग माझं. तुम्ही डबा आणा, आणि शक्य असेल तर मामांनाही. कोणता पुतळा कुठल्या दुकानातून, कोणत्या साली घेतला हे ते सांगू शकले तर माझं निम्मं काम वाचेल.